अकरावा खंड मिळाला की कळवा

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला, 'घरातली जागा'. अपुऱ्या घरात माणसं कशाकशासाठी जागा करतात ते जाऊन बघा आणि लिहा, असं त्यांचं म्हणणं. मला लगेच डोंबिवलीचं एक घर आठवलं. वन रूम किचन, माणसं चार आणि पुस्तकं ५८२. त्यातली निम्म्याहून अधिक एकाच जातीची. त्यांत चेटूक चालतं, सर्प उडतात, राजपुत्र हरवतात आणि पहिल्याच पानावर नकाशा असतो. इंग्रजीत या प्रकाराला फँटसी म्हणतात. मराठी समीक्षेचा त्यासाठीचा शब्द 'अद्भुतरम्य'.

ही पुस्तकं जिची आहेत ती ३९ वर्षांची आहे. फोर्टातल्या एका कंपनीत हिशेब बघते. घरात नवरा, चौथीतला मुलगा आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. तिने एकच अट घातली. "ताई, नाव नका छापू. ऑफिसात कळलं की विचारतात, एवढी मोठी झालीस, अजून राक्षसांच्या गोष्टी वाचतेस?"

म्हणून तिचं नाव या लेखात नाही. बाकी सगळं तिने मोकळेपणाने दाखवलं. एक आख्खी सकाळ लोकलमध्ये, एक शनिवार माटुंग्याच्या फूटपाथवर आणि एक रविवार तिच्या घरी, असे तीन दिवस मी तिच्यासोबत होते.

ठाण्याच्या आधी, ठाण्यानंतर

सकाळची फास्ट. डोंबिवलीला बसायला जागा मिळत नाहीच, ठाण्याला कुणी उतरलं तर चौथी सीट मिळते. तोवर ती उभी. एका हातात वरची कडी, दुसऱ्या हातात आठशे पानांचं पुस्तक, आणि ते उघडं ठेवायला अंगठा मधोमध. पुस्तकाला कालनिर्णयच्या जुन्या पानाचं कव्हर आहे. त्याची दोन कारणं तिने सांगितली. गर्दीत घामाचे हात लागून मुखपृष्ठ खराब होतं हे एक. मुखपृष्ठावरचा सर्प बघून शेजारची बाई हमखास प्रश्न विचारते हे दुसरं.

उभ्याने वाचायचं आणि बसून वाचायचं ती वेगळं ठेवते. नव्या मालिकेची पहिली शंभर पानं ती लोकलमध्ये कधीच वाचत नाही, ती रविवारी दुपारी घरी वाचते. या जातीच्या कादंबरीत सुरुवातीलाच तीसचाळीस नावं येतात, चार राज्यं येतात, मेलेल्या राजांचे उल्लेख येतात, आणि ते सगळं बसल्याशिवाय गोष्ट हलत नाही. ती मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने घराण्यांचा वंशवृक्ष काढते. पुस्तकातला नकाशा फोनमध्ये टिपून ठेवते, कारण कडीला लटकलेल्या माणसाला पानं उलटून पुन्हा पहिल्या पानावर जाता येत नाही. त्या दिवशी तिच्या फोनच्या पडद्यावर मुलाचा फोटो नव्हता, एका काल्पनिक खंडाचा किनारा होता.

नकाशाची ही रीत रूढ केली ती टॉल्किन यांनी. ऑक्सफर्डचे हे भाषेचे प्राध्यापक. त्यांचं 'द हॉबिट' १९३७ साली आलं आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये. त्या दुसऱ्या पुस्तकाचा प्रसिद्ध नकाशा त्यांच्या मुलाने, ख्रिस्तोफर यांनी, वडिलांच्या कच्च्या रेखाटनांवरून काढला. पात्रं किती दिवस चालली, किती मैल चालली, याचा हिशेब वडिलांनी नकाशावर ताडून बघितलेला असल्यामुळे तो नकाशा वाचकाला फसवत नाही. माझ्या हिशेबनीस मैत्रिणीला या गोष्टीचं विशेष वाटतं. "आकडे जुळतात, ताई. खोट्या जगाचे आकडे जुळतात."

ठाण्याला तिला चौथी सीट मिळाली. समोर मटार सोलत बसलेल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "काय गं, त्या ठेंगूचं काय झालं शेवटी?"

तिने पुस्तकात बोट ठेवलं आणि सांगायला लागली. ठाण्यापासून घाटकोपरपर्यंत तिने एका तुरुंगातून पळून जाण्याचा प्रसंग सांगितला. तिघी ऐकत होत्या, एकीने कानातलं गाणं बंद केलं. नंतर कळलं की हे दोन वर्षं चाललंय. दर सोमवारी मागच्या आठवड्यातलं पुढे सांगायचं. मूळ इंग्रजी नावं कुणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून तिथे ठेंगू आहे, पांढऱ्या केसांची राणी आहे, भिंतीवरचा पोरगा आहे. आमच्या गावी चातुर्मासात पोथी ऐकायला बायका जमत, त्यांचे चेहरे मला त्या डब्यात दिसले.

एका फेरीत तिची पंचवीसतीस पानं होतात. रॉबर्ट जॉर्डन यांची 'व्हील ऑफ टाइम' ही चौदा खंडांची मालिका तिने याच गाडीत सव्वा वर्षात संपवली. पुस्तक संपलं की शेवटच्या पानावर ती तारीख आणि स्टेशन लिहिते. मी घरी जाऊन अशी बरीच पानं बघितली. 'घाटकोपर, पाऊस.' 'दादर, उभ्याने.' एका पुस्तकावर फक्त 'मसजिद, उतरायचं राहिलं' एवढंच.

दिवाण, माळा, शोकेस

घरात शिरल्यावर पुस्तकं दिसत नाहीत. शोकेसमध्ये एक रांग, तीही मुलाच्या शाळेच्या पुस्तकांनंतरची. बाकीची कुठे आहेत ते विचारल्यावर तिने आधी सासूबाईंना उठवलं. "आई, जरा खुर्चीवर बसता?" मग गादी गुंडाळली आणि दिवाणाची फळी उचलली.

आत छोट्या आकाराची पेपरबॅक पुस्तकं, कणे वर करून, चपात्यांच्या चवडीसारखी दाटीने रचलेली. प्रत्येक ओळीत कापडाची एक पुरचुंडी. उघडून दाखवली, तर आत वेखंडाचे तुकडे. सासूबाईंचा उपाय. शालू-पैठण्यांत त्या हेच ठेवायच्या. सुनेने त्यात भर घातली ती बुटांच्या खोक्यांत आणि औषधांच्या बाटल्यांत येणाऱ्या पांढऱ्या पुड्यांची, ज्या ओल शोषून घेतात. शेजारपाजारचे लोक त्या आता फेकत नाहीत, हिच्याकडे आणून देतात.

या हवेत पुस्तक टिकवणं हे स्वतंत्र काम आहे. जाड पेपरबॅकचा कणा शिवलेला नसतो, पानांच्या कडा कापून गरम सरसाने चिकटवलेल्या असतात. एप्रिल-मे मध्ये सरस वाळतो आणि पुस्तक पूर्ण उघडलं की कणा तडकतो. जून-जुलैमध्ये कागद हवेतलं पाणी पितो, पानं फुगतात, तडकलेल्या जागेतून सुटायला लागतात. मग ऑगस्टात कसर. चांदीसारखा चकाकणारा तो किडा शाईला शिवत नाही, खळ आणि सरस खातो. म्हणून ती दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सगळी पुस्तकं बाहेर काढते, पंख्याखाली पानं फडफडवते, सुटलेल्या पानांना फेविकॉल लावते आणि वर सासूबाईंचा पाटा ठेवते. ऊन दाखवत नाही, उन्हाने कागद पिवळा पडतो.

माळ्यावर दोन सुटकेसी आहेत, मोठ्या आकाराच्या जाड पुस्तकांच्या. किलोभर वजनाचं एकेक. आधी ती भिंतीवरच्या फळीवर होती. चार फुटांची फळी, मध्ये आधार नाही. दोन पावसाळ्यांत ती मधोमध वाकली. सुताराने सांगितलं, अठरा एमएमचा प्लाय असला तरी एवढ्या वजनाला तीन फुटांच्या आत मधली उभी पट्टी हवीच. पट्टी बसवली, पण धास्तीने मोठी पुस्तकं वर गेली ती गेलीच.

शोकेसमधल्या त्या एकुलत्या रांगेत मात्र एके ठिकाणी दोन इंच जागा मोकळी आहे. एवढ्या दाटीत मोकळी जागा का, असं मी विचारलं. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मालिकेचे पाच खंड शेजारी उभे होते. पहिला १९९६ चा, पाचवा २०११ चा. सहावा अजून आलेला नाही. जागा त्याची आहे. सध्या तिथे सासूबाईंची गोळ्यांची डबी असते.

जोडी जुळली पाहिजे

संग्राहक हा शब्द तिला आवडत नाही, तो पैसेवाल्यांचा वाटतो. पण जोडी जुळवण्याचं वेड तिला आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय हा संग्रह कसा वाढतो ते कळत नाही.

ब्रिटिश पेपरबॅक प्रामुख्याने दोन मापांत येतं. लहान माप ११ सेंटिमीटर रुंद आणि १७.८ उंच, मोठं माप १२.९ रुंद आणि १९.८ उंच. अमेरिकेतलं खिशात मावणारं माप लहान मापाच्या जवळचं, पण अगदी तेच नाही. भारतात हे सगळं येतं. काही पुस्तकं 'फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी' असा शिक्का घेऊन कमी किमतीत, काही आयात होऊन महाग. मालिका दहापंधरा वर्षं चालते. तेवढ्यात प्रकाशक मुखपृष्ठांची शैली बदलतो, माप बदलतो. मार्टिन यांच्या मालिकेतल्या पहिल्या कादंबरीवर २०११ मध्ये टीव्ही मालिका आली आणि दुकानांत नव्या मुखपृष्ठांच्या प्रती आल्या. पहिले तीन खंड जुन्या मुखपृष्ठाचे घेतलेल्या वाचकाला चौथा जुना शोधत फिरावं लागलं. हा हट्ट बाहेरच्याला बालिश वाटेल. मला तो वाटला नाही. वीस वर्षं ज्या जगात माणूस ये-जा करतो, त्याचं दार दर वेळी वेगळ्या रंगाचं असू नये, एवढीच त्याची मागणी असते.

या जातीच्या कादंबऱ्यांना तीन खंडांची सवय मुळात लागली कुठून, हे तिने मला सांगितलं आणि ते सांगताना तिच्यातली हिशेबनीस खुलली. टॉल्किन यांनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही एकच सलग कादंबरी म्हणून लिहिली होती. महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये कागद महाग. एवढं जाड पुस्तक एका किमतीत विकलं जाईना. म्हणून प्रकाशकाने त्याचे तीन भाग केले. प्रकाशकाचे चिरंजीव रेनर अनविन यांना हे पुस्तक छापायचंच होतं. यात हजार पौंडांचं नुकसान होऊ शकतं, असा अंदाज त्यांनी वडिलांना कळवला आणि वडिलांनी ते पत्करलं. हेच रेनर दहा वर्षांचे असताना 'द हॉबिट'चं हस्तलिखित वाचून त्यावर अभिप्राय देण्याबद्दल त्यांना एक शिलिंग मिळाला होता. पुढे जगभरच्या लेखकांनी तीन खंड हाच या जातीचा नैसर्गिक आकार मानला. "मुळात तो कागदाच्या खर्चाचा प्रश्न होता," ती म्हणाली.

आता वाचक आणि लेखक यांच्यातला व्यवहारही बदलतोय. ब्रँडन सँडरसन या अमेरिकी लेखकाने टाळेबंदीच्या काळात कुणाला न सांगता चार कादंबऱ्या लिहिल्या आणि २०२२ मध्ये प्रकाशकाला वगळून थेट वाचकांकडे आगाऊ पैसे मागितले. १ लाख ८५ हजारांवर लोकांनी मिळून ४ कोटी १७ लाख डॉलर दिले. पैसे भरायला तीही एका रात्री जागी राहिली होती. टपालखर्चाचा आकडा बघून तिने फोन ठेवून दिला. त्या चार पुस्तकांपैकी एक तिला पुढे सवलतीत मिळालं. फोनवर ती वाचते, मुलगा झोपला की दिवा बंद करून वाचायला दुसरा मार्ग नाही. पण फोनवरची पुस्तकं त्या ५८२ मध्ये धरलेली नाहीत.

माटुंग्याचा फूटपाथ

शनिवारी दुपारी आम्ही माटुंग्याला उतरलो आणि किंग्ज सर्कलकडे गेलो. महेश्वरी उद्यानाच्या आसपासच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग असतात. धंदा खरा चालतो तो अभियांत्रिकी आणि डॉक्टरकीच्या पुस्तकांवर, जून ते ऑगस्ट. कादंबऱ्या हा जोडधंदा. रद्दीवाला घराघरांतून किलोवर उचलतो, त्यातली विकण्याजोगी पुस्तकं बाजूला काढतो आणि फूटपाथवाल्याला नगावर देतो. बाकीची लगद्याला जातात. म्हणजे एखादी कादंबरी पुन्हा वाचकाच्या हाती लागणार की नाही, हे रद्दीवाल्याच्या त्या दोन सेकंदांच्या नजरेवर ठरतं.

तिचा नेहमीचा विक्रेता तिला बघताच ढिगाच्या मागे गेला. "मॅडम, ड्रॅगनवाला आया है, दो नग." तो इंग्रजी वाचत नाही. पण तिला काय लागतं ते त्याला कण्यावरून कळतं. जाडी दोन इंचांच्या वर, लेखकाचं नाव उठावाच्या सोनेरी अक्षरात, खाली एक आकडा. त्याच्या फोनमध्ये तिच्या हव्या असलेल्या पुस्तकांची यादी फोटोंच्या रूपात आहे. मी विचारलं, नकली प्रती ओळखता कशा? त्याने एक पुस्तक हातावर तोलून दाखवलं. नकली प्रत हलकी असते, कागद पातळ, छपाई किंचित तिरकी.

तिच्याकडे अशी एक नकली प्रत आहे, कॉलेजात असताना सिग्नलवर घेतलेली. ऐन लढाईच्या प्रसंगात त्यातला एक अख्खा फर्मा नाही. सोळा पानं. ती पानं तिने पुढे वाचनालयातल्या प्रतीतून वाचली आणि त्यातल्या घटना हाताने लिहून काढून त्या जागी चिकटवल्या. नकली प्रत तिने त्यानंतर घेतली नाही.

दोन नगांपैकी एक तिच्याकडे होतं. तरी तिने तेही घेतलं. पै फ्रेंड्स लायब्ररी डोंबिवलीत पुस्तकांच्या अदलाबदलीचं प्रदर्शन भरवते. आपलं एक द्यायचं, दुसरं न्यायचं. तिथे द्यायला हाताशी एखादं असावं म्हणून.

निघताना ती विक्रेत्याला म्हणाली, "और वो मराठी वाला? ग्यारह नंबर?" त्याने मान हलवली. ते काय आहे ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सासूबाईंचा चांदोबा

रविवारी माझा बराच वेळ सासूबाईंशी बोलण्यात गेला. सुनेच्या पुस्तकांचा त्यांना कधी त्रास वाटला का, हे मला विचारायचं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही, कपाटाच्या खालच्या खणातून कापडी पुठ्ठ्याचे चार गठ्ठे काढले. 'चांदोबा', १९६०च्या दशकातला. त्यांच्या वडिलांनी गिरगावात बांधून घेतलेला. बाइंडरने मुखपृष्ठं काढून टाकलीत, त्या काळी तशीच पद्धत होती, पण आतली चित्रं शाबूत आहेत. खांद्यावर प्रेत टाकून तलवार हाती घेतलेला विक्रम आणि मागे स्मशान. चांदोबातला वेताळ म्हटला की डोळ्यांसमोर येतं ते हे चित्र शंकर यांचं. २०२० साली ते गेले, तेव्हा ते नव्वदी ओलांडलेले होते.

'चांदोबा' म्हणजे मद्रासहून निघणाऱ्या 'चंदामामा'ची मराठी आवृत्ती. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७च्या जुलैत तो तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केला, नंतर इतर भाषा आल्या. त्यात दर महिन्याला एक क्रमशः कादंबरी असे, मांत्रिक, राक्षस, बुडालेली नगरं, ज्वालामुखीची बेटं असलेली. सासूबाई त्या कादंबऱ्यांसाठी पोस्टमनची वाट बघत. लेखकाचं नाव छापलेलं नसे.

"आई, मी सांगितलं ना तुम्हाला ते नाव," सून म्हणाली.

"सांगितलंस. दासरी सुब्रह्मण्यम." सासूबाईंनी ते नाव नीट, सावकाश उच्चारलं. त्या कादंबऱ्या तेलुगूत लिहिणारा हा माणूस पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपासून त्या मासिकाच्या संपादन विभागात होता. त्याच्या गोष्टी बारा-तेरा भाषांतल्या मुलांनी वाचल्या, आणि त्याचं नाव त्यातल्या फार थोड्यांना कळलं. २०१० साली तो गेला. "इतकी वर्षं वाचलं आणि नाव म्हातारपणी कळलं," सासूबाई म्हणाल्या. गठ्ठ्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर त्यांनी ते नाव शाईने लिहून ठेवलंय.

त्यांच्या वडिलांकडे नाथमाधवांची 'वीरधवल'ही होती. १९१३ ची ही कादंबरी. माझ्याही माहेरी होती. घर बदलताना ती रद्दीत गेली, याची खंत मला आजही आहे. मराठी कादंबरी सुरुवातीच्या काळात बरीच या वाटेने गेली. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची, दोन्ही अद्भुतरम्य. पुढे हरिभाऊ आपटे आले, वास्तवाचा आग्रह आला. तो यायलाच हवा होता. पण त्यानंतर आपण अद्भुताला मुलांच्या खणात ठेवलं आणि मोठ्यांना तिथे जायला लाज वाटू लागली. जी. ए. कुलकर्णींनी 'रमलखुणा'त 'प्रवासी' आणि 'इस्किलार'सारख्या कथांमध्ये कुठल्याही नकाशावर नसलेली नगरं उभी केली. ती आपण थोर साहित्य म्हणून वाचली, त्यांच्या मागोमाग मोठ्यांसाठीच्या अद्भुताची परंपरा काही उभी राहिली नाही. अनंत अंतरकरांच्या 'नवल'सारख्या दिवाळी अंकांनी गूढाला आणि अद्भुताला मोठ्यांच्या घरात जागा ठेवली, म्हणून एवढं तरी उरलं. माझ्या मते मराठीचं हे मोठं नुकसान आहे. या घरात ते स्पष्ट दिसतं. सासूची अद्भुताची भाषा मराठी आणि सुनेची इंग्रजी.

मध्ये एक पूल आहे. 'द हॉबिट' मराठीत आलं २०११ मध्ये, मीना किणीकरांच्या अनुवादातून, म्हणजे मूळ पुस्तकानंतर ७४ वर्षांनी. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा मुग्धा कर्णिकांनी केलेला अनुवाद 'स्वामी मुद्रिकांचा' २०१५ मध्ये आला. दोन्ही पुण्याच्या डायमंड पब्लिकेशन्सचे. असा अनुवाद करणाऱ्यासमोर पहिल्या पानापासून अडचण उभी राहते. आपल्याकडे यक्ष आहेत, राक्षस आहेत, पिशाच्चं आहेत, पण ती रिकामी भांडी नाहीत. यक्ष म्हटलं की कुबेर येतो, अलका नगरी येते. परकी जमात त्या शब्दात बसवली की तिचं मूळचं रूप पुसतं, आणि नवा शब्द घडवला तर तो वाचकाच्या जिभेवर बसायला शंभर पानं जातात. हे काम मन लावून करणाऱ्यांना आपण पुरेशी दाद दिलेली नाही.

सुनेने 'स्वामी मुद्रिकांचा' सासूबाईंसाठी आणलं. त्यांनी ते भिंगातून, दुपारच्या वेळी, चार महिन्यांत वाचलं. मी विचारलं, कसं वाटलं? त्या थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "वीरधवलात काय, चांदोबात काय, सगळे काहीतरी मिळवायला निघतात. हा टाकून द्यायला निघाला. एवढीशी अंगठी. आणि शेवटी त्याच्याच्याने टाकवेना."

सून स्वयंपाकघरात होती. तिने तिथूनच सांगितलं, "मी हेच पुस्तक नऊ वेळा वाचलंय ताई, माझ्या हे असं लक्षात आलं नव्हतं."

अर्धी राहिलेली गोष्ट

या वाचकांच्या आयुष्यात वाट बघणं फार. मार्टिन यांच्या सहाव्या खंडाची, पॅट्रिक रॉथफस यांच्या तिसऱ्याची. त्यांचा दुसरा २०११ मध्येच आला होता. रॉबर्ट जॉर्डन यांनी 'व्हील ऑफ टाइम' १९९० मध्ये सुरू केली आणि २००७ मध्ये रक्ताशी संबंधित दुर्धर आजाराने ते गेले, तेव्हा गोष्ट संपलेली नव्हती. शेवटच्या महिन्यांत त्यांनी घरच्यांना शेवट सांगून ठेवला, टिपणं मागे ठेवली. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडुगल याच त्यांच्या संपादक. त्यांनी तेव्हा तरुण असलेल्या सँडरसन यांना बोलावलं. एक खंड उरलाय असं वाटत होतं, त्याचे तीन झाले आणि २०१३च्या जानेवारीत गोष्ट पुरी झाली. तिने तो चौदावा खंड दादरच्या पुलावर उभं राहून संपवला. शेवटच्या पानावर तारखेखाली तिने तीन नावं लिहिलीत, जॉर्डन, हॅरिएट आणि सँडरसन.

हे ऐकताना मला आपलीच एक गोष्ट आठवली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला घेतल्या. १८७८ साली ते गेले. उरलेलं काम त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांनी तडीस नेलं. ज्या गोष्टींत एक राणी रोज रात्री गोष्ट अर्धी ठेवून जीव वाचवते, त्यांचं भाषांतर एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. मराठी घरांत अलिबाबा, सिंदबाद पोचले ते या पुस्तकामुळे.

मी हे बोलले आणि ती उठली. स्टुलावर चढून तिने देवघराच्या वरच्या फळीवरून एक रांग खाली काढली. दिवाणातही नाही, माळ्यावरही नाही, इतकी खास जागा. गौरी देशपांडे यांचं 'अरेबियन नाइट्स'. रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी भाषांतरावरून १९७०च्या दशकात त्यांनी केलेला मराठी अनुवाद, सोळा खंडांचा. चिपळूणकरांनी ज्या गोष्टी तेव्हाच्या वाचकाला रुचतील अशा करून दिल्या, त्या देशपांड्यांनी मोठ्यांसाठी, जशाच्या तशा, काही न लपवता आणल्या. मराठीत मोठ्यांच्या अद्भुतासाठी एका व्यक्तीने केलेलं इतकं मोठं काम मला दुसरं माहीत नाही.

"हा माझ्या सगळ्या पुस्तकांतला सगळ्यात मोठा संच," ती म्हणाली. मी मोजले. पंधरा होते.

गिरगावातलं एक जुनं वाचनालय बंद पडलं तेव्हा पुस्तकं विकायला काढली होती. तिथे तिला हे मिळाले, चार वर्षांपूर्वी. वाचनालयाचा शिक्का, मलपृष्ठाच्या आत खिसा आणि तारखांची चिठ्ठी. तिने दहावा खंड उघडून चिठ्ठी दाखवली. शेवटची तारीख १९९३च्या जूनमधली, पुढे सभासद क्रमांक. मग बारावा उघडला. त्याच्या चिठ्ठीवर १९९३च्या मेपर्यंत तारखा आहेत. नंतर एकही नाही. तेराव्यावर नाही, चौदाव्यावर नाही, सोळाव्यापर्यंत कुठेच नाही.

म्हणजे १९९३च्या पावसाळ्यात कुणीतरी दहावा खंड वाचून परत केला, अकरावा घरी नेला, आणि तो परत आला नाही. तो नसल्यामुळे पुढचे पाच खंड वाचनालयातून पुन्हा कुणीच नेले नाहीत. तिनेही दहाव्यापर्यंतच वाचलंय. नवा संच घेता येईल का, असं मी विचारलं. तिला तोच हवा आहे, त्याच छपाईचा, शक्य तर त्याच शिक्क्याचा.

दिवाळीची साफसफाई झाली असेल किंवा चालू असेल. गिरगावात, ठाकूरद्वारला, दादरला किंवा तिथून पुढे बोरिवली-विरारला, ठाणे-डोंबिवलीला गेलेल्या कुणाच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत गौरी देशपांड्यांच्या 'अरेबियन नाइट्स'चा अकरावा खंड निघाला, तर तो रद्दीला घालू नका. वाचनालयाचा शिक्का असेल तरी संकोच बाळगू नका, बत्तीस वर्षांचा दंड मागायला आता तिथे कुणी नाही. या अंकाच्या कार्यालयात कळवा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.